मापसाहेबांचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर निवडायला अक्कल लागत नाही, असं मापसाहेबांचा मेव्हणा भर जेवणात म्हणाला, आणि त्या दिवसापासून साहेबांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं. बंद केलं नाही. मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ, आणि त्याच्याशी बोलणं बंद करायचा अधिकार त्या घरात साहेबांकडे नव्हता. पण कमी केलं, आणि कमी केलंय हे त्याला कळावं म्हणून मुद्दाम दोनदा फोन करून सांगितलं.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी वजनमापं तपासायच्या खात्यात काढली, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव दिलं होतं. साहेब बाजारात शिरले की दुकानदारांचे हात आपोआप पारड्याखाली जाऊन काही चिकटलंय का ते चाचपायचे. साहेबांनी आयुष्यात कुणाची लाच घेतली नाही. चहासुद्धा घेतला नाही. एकदा एका किराणावाल्यानं फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी कप किती मिलीलिटरचा आहे हे विचारलं, आणि किराणावाल्यानं कप परत आत नेला. खोटं माप सापडलं तर ते चार लोकांदेखत मोडायचं असा खात्याचा नियम होता, आणि साहेब तो नियम मोठ्या आवाजात पाळत. कोपऱ्यावरच्या कापडवाल्यांची टेप त्यांनी अशीच भर बाजारात मोडली होती. सुरुवातीचं टोक झिजून ती बोटभर कमी भरत होती.

"साहेब, वापरून झिजलीय हो. मी काही कापली नाही," कापडवाले काकुळतीला आले होते.

"झिजलेलं माप काय आणि कापलेलं माप काय, गिऱ्हाइकाचं कापड तेवढंच कमी होतं," साहेब म्हणाले, आणि टेपचे दोन तुकडे करून त्यांच्या हातात दिले. टेप हातात आली की साहेब सगळ्यात आधी तिचं तोंड बघत, म्हणजे सुरुवातीचं टोक. माणूस तोंडावरून ओळखावा की नाही याबद्दल दुमत असेल, पण टेप तोंडावरूनच ओळखावी, असं ते नव्या लोकांना शिकवत. त्यांचं दुसरं वाक्य होतं, 'एका कामाला एकच माप.' दोन मापांनी काम केलं की भांडण ठरलेलं. ही दोन वाक्यं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे साहेबांनी ती ठेवली नाहीत.

निवृत्त झाले तेव्हा खात्यानं विचारलं, निरोपाला काय देऊ? इतरांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. साहेबांनी एक उत्तम पोलादी टेप मागून घेतली. चामड्याच्या पाकिटातली ती टेप त्यांच्या खिशात कायम असे. घरात तिला हात लावायची परवानगी कुणालाही नव्हती, आणि कुणाला ती लावावीशी वाटत होती असंही नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी गावाबाहेर आप्पांच्या शेताचा एक तुकडा विकत घेतला. तुकड्यावर दोन खोल्यांचं बैठं घर होतं, पुढे दोन दगडी खांबांचं फाटक होतं आणि मागे कंबरेएवढं गवत होतं. आप्पा कुंपणापलीकडेच राहत, त्यामुळे विकणाराही तेच आणि शेजारीही तेच, म्हणजे तक्रार करायची झाली तर दोन्ही नात्यांनी त्यांच्याकडेच करायची सोय होती. सामान लावून झाल्यावर साहेबांनी गवत तुडवत आपल्या टेपनं जमीन मोजली. टेप लहान, जमीन मोठी, तेव्हा खुणा करत करत ती पुन्हा पुन्हा टाकावी लागली. संध्याकाळी त्यांनी बेरीज केली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. जमीन कागदावरच्यापेक्षा जास्त भरत होती. थोडीथोडकी नव्हे, चांगली एका खोलीएवढी.

दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात खूश होऊन झोपला असता. साहेब तसेच उठून आप्पांच्या ओसरीवर गेले.

"आप्पा, तुम्ही मला फसवलंत!"

आप्पांच्या हातातली सुपारी हातातच राहिली. "काय झालं साहेब? जमीन कमी निघाली का?"

"जास्त निघाली!"

आप्पांनी हे ऐकून घेतलं. मग विचारलं, "जास्त निघाली म्हणून तुम्ही माझ्यावर चिडलात?"

"मी फुकटचं काही घेत नाही हे सगळा बाजार जाणतो. जास्तीच्या जमिनीचे पैसे घ्या आणि मला मोकळं करा."

आप्पांनी कुंपणाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, पुन्हा कुंपणाकडे पाहिलं. "तुम्ही मोजलीय म्हणजे असेलच," ते म्हणाले आणि पैसे खिशात घातले. त्यांनी ते मोजून घेतले नाहीत, याचाही साहेबांना राग आला.

आता वहिनींचं. साहेबांच्या पत्नीला सगळे वहिनीच म्हणत. एवढ्या वर्षांत त्यांची एकच इच्छा राहून गेली होती, ती म्हणजे घरामागे भाजीचा मळा. गल्लीतल्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर एक मिरचीचं रोप मावायचं, तेही कपड्यांच्या दोरीखाली. इथे आल्याबरोबर त्यांनी तेलाचे, बिस्किटांचे, मिळतील ते डबे मातीनं भरले आणि टोमॅटो, वांगी, मिरची पेरली. पायऱ्यांवर एकेक डबा मांडून ठेवला. रोपं टरारून वर आली.

"ही आता महिन्याभरात जमिनीत गेली पाहिजेत," वहिनी म्हणाल्या. "डब्यात राहिली तर नुसती लांबट होतात आणि मान टाकतात. मी आणि दूधवाली मिळून एवढा कोपरा खुरप्यानं उकरून घेतो."

"खुरप्यानं?" साहेबांना ते लागलं. "अगं, शेती आहे ही. कुंडी आहे का? रोपं मान टाकायच्या आत सगळी जमीन नांगरून तुझ्या ताब्यात देतो. माझा शब्द."

वहिनी डब्यांना पाणी घालत राहिल्या. फ्रिज घ्यायच्या वेळीही असाच शब्द मिळाला होता, आणि उन्हाळा संपल्यावर फ्रिज आला होता. त्यातलं दूध ठेवायच्या कप्प्याचं माप साहेबांना पटत नव्हतं, एवढंच कारण होतं.

आप्पांनी कुंपणावरून सांगितलं, "माझा ट्रॅक्टर आहे की. सकाळी पाठवतो. तुमचा चहा व्हायच्या आत नांगरून होईल."

"आम्ही उपकार घेत नाही," साहेब म्हणाले. ट्रॅक्टर आपलाच घ्यायचा हे त्याच क्षणी ठरलं. म्हणजे खरं पाहता ट्रॅक्टरची सुरुवात गवतापासून झाली नाही, आप्पांच्या सौजन्यापासून झाली. माणसानं शेजाऱ्याला मदत देऊ करताना थोडं भान ठेवायला हवं.

कंपनीचं माहितीपत्रक आलं. त्यात ट्रॅक्टर दोन मापांचे होते, एक धाकटा आणि एक थोरला. धाकटा लाल, बुटका आणि गोल चेहऱ्याचा होता. वहिनींनी चित्र बघताच सांगितलं, "हा छान आहे. पायऱ्यांपाशी उभा राहील, सावलीत." पण माहितीपत्रकात एक रेघ होती. इतक्या जमिनीपर्यंत धाकटा, त्यापुढे थोरला. कागदावरच्या हिशेबानं साहेबांची जमीन रेघेच्या अलीकडे बसत होती. साहेबांच्या मोजणीनं ती रेघेच्या पलीकडे जात होती, तीही जेमतेम, नखभर.

"नखभरानं काय होतंय?" वहिनींनी विचारलं.

"नखभर!" साहेब ताडकन उठले. "आज नखभर सोडलं की उद्या बोट, परवा हात. सगळ्या लबाडीचा जन्म नखभरातून होतो. रेघ ओलांडली म्हणजे ओलांडली. थोरला घ्यावा लागेल, मला हौस नाही."

मग सल्ल्यांचा पूर आला. ट्रॅक्टर घेणाऱ्याला सल्ला देण्यासाठी ट्रॅक्टर घेतलेला असावा लागत नाही, जमीनही असावी लागत नाही. मेव्हण्यानं सांगितलं, घ्यायचा तर सगळ्यात मोठा घ्या, उद्या विकताना किंमत येते. साहेब म्हणाले, विकायचाच असेल तर घेऊ कशाला? दातांच्या डॉक्टरांनी साहेबांचं तोंड उघडं असताना सांगितलं, की जुना घ्या, नवा बिघडतो. तोंडात आरसा असल्यामुळे साहेबांना या विधानाचा निषेध करता आला नाही, आणि ती सल त्यांना दाढेपेक्षा जास्त दिवस राहिली. आप्पांनी नुसती मान हलवली. आणि कापडवाले, जे बरोब्बर अशा वेळी फाटकापाशी भेटायचेच, ते म्हणाले, "साहेब, कापड काय आणि ट्रॅक्टर काय, चार बोटं सैलच धरावं. फाटक अरुंद आहे तुमचं."

हा टोमणा होता. मोडलेल्या टेपचा राग त्यांच्या मनात अजून होता, हे साहेबांनी ओळखलं. "फाटक मोजलंय मी," ते थंडपणे म्हणाले. "सैल धरणं हा मापाचा अपमान आहे."

तेवढ्यात असं कळलं, की शेतकऱ्याला ट्रॅक्टरवरचा कर माफ असतो, पण जमीन जेवढी त्या मापाचाच ट्रॅक्टर असेल तर. थोरल्यावर माफी हवी तर जमीन कागदावर रेघेच्या पलीकडे असायला हवी. साहेब जमिनीच्या ऑफिसात गेले. एका टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जेवायची सुट्टी संपल्यावर या म्हणून सांगितलं, आणि सुट्टी संपल्यावर त्या खुर्चीवर एक कारकूनबाई बसलेल्या होत्या.

"काय काम आहे?"

"माझी जमीन कागदावर आहे त्यापेक्षा जास्त आहे. ती लावून घ्या. त्यावरचा वाढीव कर मी भरतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "शेजाऱ्याचा बांध सरकवलात का?"

"नाही! पैसे देऊन घेतलीय. मोजून बघितलीय."

"जमीन कमी भरली तर तक्रारीचा अर्ज आहे," बाई म्हणाल्या. "जास्त भरली अशी तक्रार करायला अर्ज नाही."

"मग जास्त भरली तर माणसानं करायचं काय?"

"गप्प बसायचं. आजवर सगळे बसलेत." त्यांनी शेजारच्या टेबलाकडे वळून हळूच काही सांगितलं, आणि आपणहून जास्त कर भरायला आलेला माणूस बघायला आतल्या खोलीतून दोघेतिघे बाहेर आले. त्यातल्या एकानं साहेबांना पाणी दिलं. कुणाला भोवळबिवळ आली की देतात तसं.

"हे बघा," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "कागदावर नाही ती जमीन नाही."

"टेपवर आहे!" साहेबांनी चामड्याचं पाकीट टेबलावर आपटलं. "कागद खोटा असेल, माणूस खोटा असेल, पोलाद खोटं नसतं!"

पोलादाचा या ऑफिसात उपयोग झाला नाही. कर माफ झाला नाही. ट्रॅक्टर घेताना तो पुरता भरायचा असं साहेबांनी ठरवलं, आणि त्याबरोबर कारकूनबाईंविरुद्ध वर तक्रार करायचंही ठरवलं. पण त्या तक्रारीलाही अर्ज नव्हता. घरी आले तेव्हा वहिनी पायऱ्यांवर टोमॅटोच्या रोपांना काड्यांचे टेकू देत बसल्या होत्या. रोपं वाजवीपेक्षा उंच झाली होती. "झालंच आता," साहेब म्हणाले. वहिनींनी आणखी एक काडी खोचली.

ट्रॅक्टरच्या दुकानात जायच्या आधी साहेबांनी फाटक पुन्हा मोजलं. या खांबापासून त्या खांबापर्यंतचा आकडा हातावर लिहून घेतला. दुकानात थोरला ट्रॅक्टर निळाशार, चकचकीत, दिवे वटारून उभा होता. त्याची मागची चाकं, चिखल उडू नये म्हणून त्यावर बसवलेले पत्रे धरून, सगळ्यात रुंद. तिथे मोजायचं.

साहेबांनी खिशात हात घातला. सेल्समन पुढे झाला. "राहू द्या ना साहेब, ही घ्या आमची टेप."

एरवी साहेबांनी त्या माणसाचा तिथेच पाणउतारा केला असता. पण टेपच्या पाठीवर तपासणीचा शिक्का होता आणि शिक्क्याखाली बारीक अक्षरांत त्यांचीच सही कोरलेली होती. त्यांनी स्वतः तपासलेली टेप! नोकरी संपून इतके दिवस झाले तरी आपली सही अशी कुठे कुठे प्रामाणिकपणे राबतेय, हे बघून साहेबांचा ऊर भरून आला. आपली टेप त्यांनी खिशातच राहू दिली आणि सेल्समनच्या टेपनं ट्रॅक्टर मोजला. त्यांच्याच सहीचं माप, त्याला दुसरं माप कोण म्हणेल?

आकडा हातावरच्या आकड्याशी ताडून बघितला. ट्रॅक्टर फाटकातून जात होता. दोन्ही बाजू मिळून एक इंच उरत होता.

"एकच इंच?" सेल्समन चाचरला. "साहेब, धाकटा बघता का? आरामात..."

"एक इंच म्हणजे एक इंच. त्याला शून्य म्हणत नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्हाला अचूक गोष्टीची सवय नाही, त्याला मी काय करू?"

थोरला ट्रॅक्टर घरी आला तो दिवस बाजाराच्या सुट्टीचा होता, त्यामुळे बघायला सगळा बाजार आला. कापडवाले आले. दोन घरं पलीकडे भिंत बांधत असलेला गवंडी थापी हातात घेऊन आला. मेव्हणा तर बोलणं कमी असूनही आला. आप्पा कुंपणावर कोपरं टेकून उभे राहिले. वहिनी आत पायऱ्यांवर डब्यांच्या मधोमध बसल्या होत्या. काही रोपांनी आता खरोखरच माना टाकल्या होत्या.

ड्रायव्हरनं फाटकासमोर ट्रॅक्टर थांबवला आणि खाली वाकून पाहिलं. "साहेब, जाणार नाही."

"मोजलाय मी. चल पुढे."

"डोळ्यांना तर..."

"तुझे डोळे तपासलेत कुणी? त्यावर शिक्का आहे? चल पुढे!"

ट्रॅक्टरचं तोंड आत गेलं. पुढची चाकं गेली. साहेबांनी गर्दीकडे विजयी नजर टाकली, आणि त्याच क्षणी मागून असा आवाज आला, की झाडावरचे कावळे उडाले. मागच्या चाकांवरचे पत्रे दोन्ही खांबांत रुतून बसले होते. ड्रायव्हरनं मागे घेऊन पाहिलं. पत्रे आणखी वाकले आणि खांबांना घट्ट धरून बसले. ट्रॅक्टर पुढेही जाईना, मागेही येईना. अर्धा घरचा, अर्धा रस्त्याचा. त्यात फाटक ते एकच, त्यामुळे साहेबांना स्वतःच्या घरात शिरायची वाट उरली नाही. वहिनींनी चाकावरून हात लांब करून त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"खांब खचलेत!" साहेब गरजले. "जमीन खचून खांब जवळ आलेत! काल बरोबर होते!"

गवंड्यानं खांबाला ओळंबा लावून पाहिला. खांब सरळ होते. मग त्यानं आपली टेप लावून फाटक मोजलं आणि आकडा सांगितला. तो साहेबांच्या आकड्यापेक्षा कमी होता.

"तुझी टेप खोटी!"

कापडवाल्यांनी खिशातून आपली टेप काढली. त्यांचाही आकडा गवंड्याइतकाच आला. मेव्हण्यानं गाडीतून एक टेप आणली. तोच आकडा. ड्रायव्हरनं दुकानातली आणली होती, तिचाही तोच. एक एक टेप ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रांगेनं ठेवली गेली.

"सगळ्या खोट्या!" साहेबांचा आवाज चिरकला. "मी गेल्यावर सगळा बाजार सुटलाय! एकजात सगळी मापं खोटी झाली!"

"साहेब," कापडवाले हळूच म्हणाले, "या सगळ्या टेपांवर तुमचीच सही आहे."

साहेबांनी बघितलं. होती. प्रत्येकीवर होती. टेपा खोट्या म्हणाव्यात तर सगळी नोकरी खोटी, आणि खऱ्या म्हणाव्यात तर... आयुष्यभर या माणसानं एकच गोष्ट कमावली होती. बाजारात भांडण झालं की लोक म्हणायचे, मापसाहेबांना विचारा. ती आज फाटकात अडकली होती.

"तुमच्या टेपचं तोंड बघू का?" कापडवाल्यांनी हात पुढे केला. त्यांना मजा वाटत नव्हती, भीती वाटत होती, हे सांगायला हवं.

साहेबांनी चामड्याचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. कापडवाल्यांनी टेपचं टोक अलगद बाहेर ओढलं. टोकाला अडकवायचा पोलादी आकडा नीट ठोकलेला होता. त्याच्या पुढे पट्टीवर पहिला अंक छापलेला होता, तो त्यांनी मोठ्यानं वाचला.

"चार."

एक, दोन, तीन नव्हतेच. टेप चारपासून सुरू होत होती. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या टेपचं तोंड बघितलं, त्यानं स्वतःच्या टेपची फक्त शेपटी वाचली होती.

"ते होय?" आतून वहिनींचा आवाज आला. "सामान हलवताना ट्रंकेचं झाकण पडलं नव्हतं का तिच्यावर? पुढचा भाग पार चेचला होता. मी पत्र्याच्या कारागिराकडून तेवढा कापून टोकाचा आकडा पुन्हा बसवून आणला. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"मला? कधी?"

"तुम्ही पेपर वाचत होतात. मी म्हटलं, तुमची टेप थोडी कापावी लागली. तुम्ही म्हणालात, हं."

"आणि तू इतके दिवस..."

"मला वाटलं, तुम्ही तेवढं सोडून मोजताय. पडदे तुम्ही मोजलेत ते सगळे लांब आले. मी चार बोटं दुमडून शिवले." वहिनींना यात विशेष काही वाटलेलं दिसत नव्हतं.

इतका वेळ दाबून धरलेलं हसू आधी आप्पांचं फुटलं. कुंपण हलायला लागेपर्यंत ते हसले. मग मेव्हणा हसला, मग गर्दी हसली. साहेब हसले नाहीत. ते फाटकापाशी ताठ उभे होते आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते. त्यांना स्वतःचा इतका संताप आला होता, की तो कुणावर काढावा हे कळेना, आणि मग कळलं.

"कापडवाले," ते म्हणाले, "चार लोक आहेत. नियमाप्रमाणे मोडा ती."

हसणं थांबलं.

"राहू द्या साहेब. घरातली टेप आहे, निरोपाची..."

"तुमचीही दुकानातली होती. तुम्हीही म्हणाला होतात, मी नाही कापली. मी ऐकलं होतं का?"

कापडवाल्यांनी टेप दोन्ही हातांत धरली. किती वर्षं या क्षणाची त्यांनी वाट पाहिली असेल ते त्यांनाच ठाऊक. पण आता त्यांच्या हातून ती मोडवेना. शेवटी साहेबांनीच ती घेतली, गुडघ्यावर धरून मोडली, आणि दोन्ही तुकडे बॉनेटवर त्या शिक्क्याच्या टेपांच्या रांगेत शेवटी ठेवले. कुणी काही बोललं नाही. मेव्हणासुद्धा नाही, आणि ते त्याच्या स्वभावाला अवघड होतं.

"अहो आप्पा," आतून वहिनी म्हणाल्या, "जाऊ नका. थांबा."

आप्पा कुंपणावरून कोपरं काढून घेऊन हळूहळू घराकडे वळत होते. ते थांबले.

"टेप तोकडी होती, म्हणजे जास्तीची जमीनही नव्हतीच ना?"

आता गर्दीनं माना वळवल्या. साहेबांचीही वळली. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. डोकं फाटकात होतं.

"आप्पा!" साहेबांचा गेलेला आवाज परत आला. "तुम्हाला माहीत होतं! तुमचीच जमीन, तुम्हाला तिचा कोपरान् कोपरा ठाऊक! नसलेल्या जमिनीचे पैसे घेतलेत तुम्ही!"

"साहेब," आप्पा हात जोडून म्हणाले, "मी म्हटलं होतं का द्या म्हणून? तुम्ही ओसरीवर येऊन माझ्यावर ओरडलात. मापसाहेबांच्या मापावर शंका घेणारा मी कोण? पैसे परत देतो मी."

"पैसे नकोत," वहिनी म्हणाल्या. "यांनी जमिनीचे पैसे दिलेत ना, मग जमीन द्या. कुंपण एक खोलीभर तिकडे सरकवा. म्हणजे यांचं माप बरोबर होईल."

आप्पांनी गर्दीकडे पाहिलं. चार लोक होते. सगळा बाजार होता. "सरकवतो," ते म्हणाले.

साहेब जरा वेळ हिशेब करत राहिले. कुंपण सरकलं की जमीन त्यांनी मोजली होती तेवढी होत होती. तेवढी झाली की ती माहितीपत्रकातल्या रेघेच्या पलीकडे जात होती, नखभर. म्हणजे ट्रॅक्टर थोरलाच हवा होता. म्हणजे निवड चुकली नव्हती, फक्त जमीन थोडी उशिरा आली. त्यांची मान पुन्हा ताठ झाली, आणि उद्या त्या कारकूनबाईंकडे जायचं, हे त्यांनी मनात पक्कं केलं.

"पण खांब?" गवंड्यानं विचारलं. "किती फोडू?"

सवयीनं सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. वहिनी चाकावरून वाकल्या आणि आपली चार बोटं खांबाच्या कडेला आडवी टेकवली. "एवढा," त्या म्हणाल्या. गवंड्यानं तेवढा फोडला आणि ट्रॅक्टर आत आला. दोन्ही बाजू मिळून एक इंच उरला होता, हे साहेबांनी लोकांना दाखवून दिलं.

कापडवाल्यांच्या टेपनं मोजून त्याच दुपारी कुंपण सरकलं. टेप हातात आल्यावर साहेबांनी आधी तिचं तोंड बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक." मग ट्रॅक्टरनं मागची सगळी जमीन नांगरली, नव्यानं मिळालेली ती पट्टी तेवढी सोडून. पट्टी अरुंद होती आणि थोरला ट्रॅक्टर तिच्यात वळत नव्हता. धाकटा वळला असता, असं मेव्हणा म्हणाला, आणि साहेबांनी त्याच्याशी बोलणं आणखी कमी केलं.

रोपं मात्र थांबायला तयार नव्हती, आणि नांगरलेल्या जमिनीतली ढेकळं फुटायला अजून अवकाश होता. तेव्हा उन्हं कलल्यावर वहिनींनी ती पट्टीच खुरप्यानं उकरली आणि जगलेली रोपं एकेक करून डब्यातून काढून लावायला घेतली. साहेब पाण्याची झारी घेऊन मागे उभे राहिले. थोडा वेळ त्यांनी निमूट पाणी घातलं. मग त्यांना राहवलं नाही.

"दोन रोपांत अंतर किती ठेवतेयस?"

"वीतभर."

"कुणाची वीत? वीत हे माप कायद्यात नाही. तुझी वीत कधी कुणी तपासलीय का?"

वहिनींनी अंगठा आणि करंगळी ताणून मातीवर वीत टाकली, पुढचा खड्डा केला, आणि वर न बघता म्हणाल्या, "हं."